तार दुसऱ्या फळीला

दादा, काल ठिबकच्या नळ्या टाकायला बांधावरची तुमची जुनी तार काढली, तर तिच्या टोकाचा डबा हाती आला. तेव्हापासून कशातच मन लागत नाही.

तेलाचाच डबा. सरीच्या शेवटाला पाणी पोचलं की तो भरायचा, वजनानं खाली बसायचा, तार ओढली जायची आणि पाटावरची पुढच्या सरीचं पाणी अडवणारी फळी आपोआप उचलली जायची. मग बुडाच्या बारीक भोकातून डबा रिकामा. लढाईत वायरलेसवर बसलेल्या माझ्या बापानं पाण्याला निरोप द्यायला शिकवलं, असं मी लोकांना सांगतो आणि लगेच विषय बदलतो.

कुणालाही काही सांगून झालं की तुम्ही म्हणायचात, "परत सांग." आईलाही सोडलं नाहीत. ती चुलीपासूनच म्हणायची, "मीठ कमी टाकायचं, साहेब. ओव्हर."

गावाला डबा दाखवायच्या दिवशी सकाळी तुम्ही मला म्हणालात, "तार दुसऱ्या फळीला बांध. परत सांग." माझं नुकतंच लग्न झालेलं, बायको दारात उभी. मी म्हणालो, "मी काय तुमच्या पलटणीत हाव का?" तुम्ही तारेचं वेटोळं माझ्या हातात दिलंत आणि रानाकडं निघालात.

दुपारी बांधावर पंधरा-वीस माणसं उभी आहेत. डबा भरतो, खाली बसतो, फळी हलत नाही. पाणी बांध फोडून शेजाऱ्याच्या हळदीत शिरतं. शेजारी म्हणतो, "फौजी, लढाईत बी असेच निरोप धाडले व्हय?" सगळे हसतात, तुम्हीही. मी पाटाकडे पळतो. तार पहिल्या फळीला आहे, ती तर आधीच उघडी. तुम्ही येईपर्यंत मी तार सोडून दुसरीला बांधली.

पुढं आपल्या रानात तो डबा रोज चालला. लोक म्हणाले, पुन्हा दाखवा. तुम्ही म्हणालात, "त्या दिशी काहून चुकला ते कळल्याबिगर न्हाई." शेवटपर्यंत दाखवला नाहीत. काल डबा उलटा करून पाहिला. बुडाला डाग दिल्याच्या सात खुणा आहेत. सात वेळा तुम्ही भोक बुजवून नवं पाडलंत. दोष भोकात नव्हता.

नरसीच्या देवळात जातो, देवापुढं सगळं बोलतो, एवढं तेवढं राहून जातं. हा कागदही डब्यातच ठेवीन. पण तुम्ही परत सांग म्हणाला होतात, म्हणून सांगतो. तार दुसऱ्या फळीला. मी ती पहिल्या फळीला बांधली होती, दादा, आणि ते मला त्याच दुपारी कळलं होतं.