मुरवळपुढचं प्रश्नचिन्ह

सर,

तुमच्या डब्यातली चौथी फ्लॉपी गेल्या रविवारी वाचली गेली, म्हणून आज लिहायला बसले आहे. चार फ्लॉप्यांना मला अकरा रविवार लागले. फ्लॉपी वाचणारं यंत्र हल्ली दुकानात मागितलं तर दुकानदार आपल्याकडे दयेने बघतो. मला ते जुन्या बाजारात तुटक्या रेडिओंच्या ढिगाखाली मिळालं. डबा तुमच्या मुलीने आणून दिला. तुम्ही गेल्यापासून वीस वर्षं तो माळ्यावर पडून होता. त्याच्या झाकणावर तुमच्या अक्षरातली चिठ्ठी होती: "धायरीच्या मुलीस द्यावे. तिला यातले कळते." धायरीची मुलगी म्हणजे कोण, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी क्लासचं जुनं हजेरीपुस्तक सापडलं, त्यात धायरीची एकच मुलगी निघाली आणि तुमच्या मुलीने मला हुडकून काढलं. मला यातलं कळतं हे तुम्ही कशावरून ठरवलंत, कोण जाणे. पहिली नोकरी लागली तेव्हा पेढे घेऊन आले होते, तेवढंच. पेढा हातात धरून तुम्ही विचारलंत, "तिथे म्हणे चुकलेलं खोडता येतं?" मी म्हटलं, "हो सर, कितीही वेळा." "मग आपण शिकणार काय?" एवढं म्हणून तुम्ही पेढा तोंडात टाकलात. ती आपली शेवटची भेट. तुम्ही गेल्याचं मला दोन महिन्यांनी कळलं.

शनिवार पेठेतला तो टायपिंगचा क्लास मला अजून पायांनी आठवतो, कारण जिन्याची तिसरी पायरी हलायची. खाली छत्र्या दुरुस्त करणाऱ्या चाचांचं दुकान, वर आपण. मी पहिल्या दिवशी वर येते, मराठी यंत्रासमोर बसते आणि तुम्ही माझ्या हातांवर पुठ्ठ्याचं झाकण ठेवता. "बघून कुणीही मारेल. आपण न बघता मारायचं." बोटं चुकत राहतात. तुम्ही मागे उभे राहून म्हणता, "आपण धायरीहून आलात, आपली बोटं बहुतेक बसस्टॉपवरच राहिलीत." आणि कागद चढवला रे चढवला की तुमचा तो प्रश्न, "कार्बन घातलात?" नाही म्हटलं की कागद उतरवायला लावायचात. "मग हा कागद नाहीच असं समजा. जे एकाच ठिकाणी आहे ते नाहीच." आज माझ्या हाताखाली नऊ माणसं काम करतात, सर. संध्याकाळी घरी निघालेल्या प्रत्येकाला मी विचारते, कार्बन घातला का. त्यातल्या कित्येकांनी कार्बन पेपर डोळ्यांनी पाहिलेला नाही. त्यांना वाटतं बॅकअपलाच मराठीत कार्बन म्हणतात. माझ्या कीबोर्डवरची अक्षरं केव्हाच पुसली गेली आहेत. माझ्या जागेवर दुसरं कुणी बसलं तर त्याला एक ओळ धड लिहिता येत नाही, आणि हे मला मनातून फार आवडतं.

पण तिथला एक दिवस मी तुम्हाला बरीच वर्षं माफ केला नव्हता. तुम्ही आम्हाला मनाने काहीतरी टाइप करायला सांगितलं होतं, आपल्या घराविषयी दहा ओळी. मी लिहिलं, "आमच्या गोठ्यात चार म्हशी हायत." तुम्ही कागद ओढून घेतलात, खिडकीच्या उजेडात धरलात आणि सगळ्या बॅचला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, "हायत. ही चूक यंत्राची म्हणायची की आपली?" सगळे हसले. त्या क्षणी मी ठरवलं की पुण्यात असेपर्यंत हा शब्द तोंडातून बाहेर पडू द्यायचा नाही. ठरवलं ते पाळलं. आजही ऑफिसात कुणी विचारलं तर मी धायरी म्हणत नाही, "सिंहगड रोडला राहते" म्हणते.

त्याच दिवशी बॅच सुटल्यावर तुम्ही मला थांबवलंत. टेबलाच्या खणातून निळ्या पुठ्ठ्याची वही काढलीत आणि विचारलंत, "पाटाचं पाणी बंद केलं. वाफ्यात थोडं उरलंय, अजून मुरलेलं नाही, वर नुसतं चमकतंय. त्या पाण्याला आपल्याकडे काय म्हणतात?" मला वाटलं, मघाशी पोट भरलं नाही, आता दुसऱ्यांदा वाढून घेतायत. खरं तर आमच्याकडे त्याला काहीच म्हणत नव्हते. "पानी हाय आजून" एवढंच म्हणायचे, आणि ते तर मी तुमच्यासमोर मेले तरी म्हणणार नव्हते. मी सरळ चेहऱ्याने सांगितलं, "मुरवळ." तुम्ही विचारलंत, "शेवटी ल की ळ?" मी म्हटलं, "ळ." तुम्ही तो शब्द वहीत लिहिलात, खाली रेघ मारलीत आणि म्हणालात, "धन्यवाद." तुम्ही कुठल्याही विद्यार्थ्याला धन्यवाद म्हटलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. जिना उतरताना मी हसत होते. बसमध्ये बसल्यावर हसू ओसरलं. पुढे तुम्ही आम्हा सगळ्यांनाच शब्द विचारत राहिलात. कात्रजहून येणाऱ्या मुलाला, खालच्या चाचांना, मला. मी नंतर कितीतरी खरे शब्द दिले. पण तो एक परत घ्यायचा धीर मला कधीच झाला नाही.

आता तुमच्या फायलींविषयी. वह्यांतलं सगळं तुम्ही म्हातारपणी स्वतः संगणकावर उतरवलंत हे मला माहीतच नव्हतं. पहिली फाइल उघडली तर पडद्यावर नुसता कचरा, इंग्रजी अक्षरं आणि फुल्या. तेव्हाच्या मराठी फॉन्टांचं हेच होतं. आत इंग्रजी अक्षरं, वर मराठी रूप, आणि फॉन्ट नाहीसा झाला की रूपही गेलं. ते परत आणायला मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. त्याने पहिल्यांदा जे दिलं त्यात दिवसाचा "िदवस" झाला होता आणि सूर्याचा "सूयर्". मग उमजलं, तुम्ही यंत्राच्याच सवयीने टाइप केलंय. ऱ्हस्व वेलांटी आधी, अक्षर मागून. अक्षर आधी, रफार मागून. आजचा संगणक दोन्ही उलट मागतो. शिवाय खोडता येत असूनही तुम्ही एकही चूक खोडलेली नव्हती. चुकलेला शब्द तसाच, त्याच्यापुढे तीन फुल्या, मग बरोबर शब्द. ते बघून मी एकटीच मोठ्याने हसले.

ऑफिसातला एक मुलगा म्हणाला, "मॅम, एआयला टाका ना, पाच मिनिटांत डन." दिलं. पाच मिनिटांत झालंही. फक्त जे शब्द त्याला कळले नाहीत ते त्याने कळतील असे करून टाकले. तुमच्या यादीत म्हशी चाऱ्याच्या गव्हाणीला बांधलेल्या होत्या, त्याने त्या गहाण टाकल्या. तेव्हाच ठरवलं, हे आपण हातानेच करायचं. एकेक शब्द डोळ्यांखालून घालायचा, लागतील तेवढे रविवार लागू देत. धायरीत आता वाफे नाहीत, सर. आमच्या वावरावर जी बिल्डिंग उभी आहे तिच्याच चौथ्या मजल्यावर आम्ही राहतो. पाट, दारं, गव्हाण हे शब्द तुमच्या फ्लॉप्यांत नसतील तर ते आईच्या तोंडात तेवढे उरलेत, आणि आई ब्याऐंशी वर्षांची आहे.

आणि मग चूक मीच केली. दुसऱ्या फाइलमध्ये जागोजागी "हाय" दिसायला लागलं. मला वाटलं, सर हे लिहिणं शक्य नाही, माझ्या प्रोग्रामचंच काहीतरी बिघडलंय. मी एका झटक्यात सगळे "हाय" बदलून "आहे" करून टाकले. नव्या माणसांना मी कायम बजावते की सगळीकडे एकदम बदल करण्याआधी चार ठिकाणी डोळ्यांनी बघून घ्या, आणि स्वतः एकही बघितलं नाही. त्या रविवारी आई स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. तिला मी तुमच्या यादीतलं, वाफा भरला की पाणी पुढच्या वाफ्याला वळवायला सांगणारं एक वाक्य वाचून दाखवलं, "पानी वर आलं आहे, दारं मोड."

आईचे हात थांबले. "ह्ये कोन बोल्लं?"

"आपल्याकडचंच आहे. धायरीचं."

"न्हाय बया. आपल्यात आसं न्हाय म्हनत. पानी वर आलं हाय, दारं मोड. आहे-बिहे पेठंतलं."

मी उठून संगणकापाशी गेले आणि तुमची मूळ फाइल पुन्हा नीट वाचली. सगळं तुमच्याच बोटांनी लिहिलेलं होतं. आलं हाय, गेलं हाय, म्हशी हायत. भर वर्गात मला ज्या शब्दावरून हसलात तो तुम्ही शेकडो वेळा, कुठेही न सुधारता, जसा ऐकला तसा उतरवला होता. आणि इतकी वर्षं ज्यासाठी तुमच्यावर राग धरला, नेमकं तेच मी तुमच्या यादीचं केलं होतं. कार्बन घातलेला होता म्हणून वाचले. प्रत्येक बदलाच्या आधीची प्रत मी जपून ठेवते. तिच्यावरून सगळे "हाय" जागच्या जागी परत आणले. त्यानंतर आईला वाचून दाखवल्याशिवाय एकही पान पक्कं करायचं नाही, असं ठरलं.

तुमच्या यादीच्या डोक्यावर एक नियम लिहिलेला आहे: दोन तोंडी ऐकल्याशिवाय शब्द पक्का धरू नये. प्रत्येक शब्दापुढे तो सांगणारी दोन माणसं, आणि एकच असेल तिथे प्रश्नचिन्ह. असं वाचता वाचता तिसऱ्या फाइलमध्ये तो आलाच. "मुरवळ ?" पुढे सांगणारी मी एकटी. मी तो गाळून पुढे जाणार होते, पण तोवर तो तोंडातून निघून गेला होता.

"मुरवळ?" आई म्हणाली. "ह्यो कुटला शबूद? म्या न्हाय ऐकला."

"काही नाही, चुकून आलाय," मी म्हटलं, आणि ती ओळ काढून टाकली. तुमच्या इतक्या कष्टांत माझ्या खोटेपणाची एक ओळ नको, असं मी मनाशी म्हटलं. खरं म्हणजे मला लाज वाटली होती.

चौथ्या फ्लॉपीत शब्द नव्हतेच. त्यात शब्दांवरचे तुमचे शेरे होते. हा शब्द अमक्याने असा उच्चारला, हा तमक्या गावात वेगळा आहे, असं. त्यात हा होता: "मुरवळ. शब्द मिळाला त्याच महिन्यात धायरीस दोनदा सायकलने जाऊन विचारले. बाया हसल्या. कोणास ठाऊक नाही. मुलीने माझ्यावर रागावून जागच्या जागी केलेला दिसतो. राग रास्त होता. शब्द चांगला आहे, आपल्याकडे त्या पाण्यास शब्द नाही. दुसरे तोंड मिळेपर्यंत ठेवावा."

मी रडले, सर. तुम्हाला माहीत होतं. तेव्हाच, मी अजून तुमच्यासमोर पुठ्ठ्याखाली हात घालून बसत होते तेव्हाच माहीत होतं, आणि तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. शनिवार पेठेतून धायरीपर्यंत त्या वयात सायकल मारत गेलात, तेही दोनदा, आणि दुसऱ्या दिवशी मला विचारलंत ते फक्त कार्बनबद्दल.

ती ओळ मी तिथल्या तिथे परत आणली. आता काम संपवायचंच आहे. आणखी साठेक पानं उरली आहेत, ती आई आणि मी दोघी मिळून पुरी करू. मग यादी कुणालाही बघता येईल अशी इंटरनेटवर ठेवणार आहे, वर तुमचं नाव घालून. एक प्रत तुमच्या मुलीकडे, एक माझ्याकडे, एक ऑफिसातल्या त्या पाच मिनिटवाल्या मुलाकडे. त्याला मी सध्या गव्हाण म्हणजे काय ते शिकवते आहे. हे पत्रही त्याच फोल्डरमध्ये राहील. पाठवायचं कुठे, हा प्रश्न आहेच.

आज सकाळी बाल्कनीत कुंड्यांना पाणी घालत होते. गवती चहाच्या कुंडीवर तांब्या दुसऱ्यांदा वाकवला, तशी आई खुर्चीतून म्हणाली, "थांब की. मुरवळ हाय आजून." मी तांब्या तसाच खाली ठेवला, आत आले आणि सांगणाऱ्यांत माझ्या शेजारी आईचं नाव लिहिलं.

एक मात्र कबूल करायला हवं. दुसरं तोंड आपणहून बोललेलं असावं, अशी तुमची अपेक्षा असणार. मी गेला आठवडाभर रोज सकाळी कुंड्यांपाशी उभी राहून तिच्या कानावर पडेल असा तो शब्द मुद्दाम घोळवत होते. तुमच्या नियमात हे बसत नाही, मला ठाऊक आहे. तरी प्रश्नचिन्ह मी काढलंय, आणि ते परत घालणार नाही. शब्द पक्का हाय, सर.