अनुदानाला पाचवी मुलगी हवी

अमरावती, शनिवार

ती. नत्थुमामांस,

भाचा ललितचा दंडवत. तुमचे गुडघे, मामींचं बीपी आणि गच्चीवरची वांगी तिन्ही ठीक असतील अशी आशा आहे. इकडे आम्ही मजेत. (फोन का केला नाही म्हणाल, तर फोनवर तुम्ही दुसऱ्याच वाक्याला "बरं, ठेव" म्हणता, आणि माझी गोष्ट तिसऱ्या वाक्यापासून सुरू होते.)

मामा, अनुदान मिळालं! आमच्या कॉलेजच्या भौतिकशास्त्र विभागाला, म्हणजे मला आणि देवमन सरांना! आपल्याकडच्या शाळांत फिजिक्स शिकवायला माणूस नाही हे तुम्हाला मी काय सांगू. एका शाळेत तर पी.टी.च्या सरांनी न्यूटनचे तिन्ही नियम एकाच तासात शिट्टीवर उरकले. म्हणून कॉलेज आणि शाळा यांनी हातमिळवणी करायची, बी.एस्सी.ची मुलं हेरायची, त्यांना शिकवायला शिकवायचं, तोवर विद्यावेतन द्यायचं आणि मग शाळेत उभं करायचं, अशी ही योजना. पत्र आलं तेव्हा मी विभागात ओरडलो, तर शेजारच्या रसायनशास्त्रवाल्यांना वाटलं काहीतरी फुटलं.

अट एकच होती. पाच उमेदवार दाखवा, मग पैसे घ्या. आता आपल्याकडचे मुलगे म्हणजे सगळे स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत मुक्कामाला. "मास्तर हो" म्हटलं की असे बघतात, जणू मी त्यांना विहिरीत ढकलतोय. शेवटी चार मुली तयार झाल्या आणि गाडी तिथेच अडली. पाचवी म्हणजे दर्यापूरची आचल, माझ्या वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी. तिला शिकवायचंच होतं, पण वडील, चंद्रभानजी, ऐकेनात. म्हटलं, आपण घरी जाऊन समजावू. मी त्यांना फोन केला आणि अगदी अदबीनं म्हणालो, "तुमच्या मुलीबद्दल बोलायचं आहे, रविवारी सकाळी चार माणसं येतो." (मामा, तुम्हाला इथेच सगळं कळलं असेल. मला नाही कळलं. मी प्रकाशाच्या वेगावर पीएच.डी. केली आहे.)

तर जीप केली. मी, दर्यापूरच्या भागीदार शाळेच्या मुख्याध्यापिका संध्याबाई, आणि नितेश. हा माझा जुना विद्यार्थी, तिवस्याच्या शाळेत फिजिक्स शिकवतो, अजून अविवाहित. तरुण शिक्षक कसा सुखात असतो ते दाखवायला नमुना म्हणून त्याला नवा शर्ट घालायला लावून आणलं. तीन तिगाडा नको म्हणून देवमन सरही आले. अनुदानाच्या आनंदात मी पेढ्यांचा डबा घेतला. आता तुम्हीच सांगा, चार माणसं, नवा शर्ट आणि पेढे घेऊन कोणी मुलीच्या घरी गेलं तर घरचे काय समजतील? ओसरीवर नवी सतरंजी, दोन काका फेटे बांधून बसलेले, आतून फोडणीचा वास. मला वाटलं, वा, दर्यापुरात शिक्षणाबद्दल काय आस्था आहे!

चंद्रभानजींनी नितेशला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मला विचारलं, "हे पक्कंच समजाचं ना?" मी उत्साहात सांगितलं की सध्या दोन वर्षांचं आहे, पुढचं पुढे बघू, आणि मुलीला पटलं नाही तर मध्येच सोडताही येतं. काकांचे फेटे हलले. मला वाटलं, पटतंय. मी आणखी पुढे सरकून म्हणालो की आमच्याकडे चार मुली आधीच आहेत, ही पाचवी मिळाली की पैसे सुटतात! चंद्रभानजी उठून उभेच राहिले. "संध्याबाई," ते म्हणाले, "तुमी शिकल्यासवरल्या बाई, तुमी बी याच्यात हा?"

मामा, मार खाण्यापासून मला आचलनं वाचवलं. ती साडी नेसून, पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली, मला पाहिलं, नितेशला पाहिलं, आणि ट्रे स्टुलावर ठेवून हसतच सुटली. मग हसू आवरून वडिलांसमोर बसली. "बाबा, हे नवरा घेऊन नाही आले, काम घेऊन आले. शाळा हाये, पोरं हायेत, शिकवनारं मानूस नाही. मले शिकवाले शिकवतीन, तोवर पैसे देतीन, मंग मी आपल्याच गावच्या शाळेत. पुढच्या रविवारी बाळापूरचे पाहुणे येऊन राहिले, तुमी होकार देऊन मोकळे व्हान. मले आधी हे कराचं हाये." अकरा पानांच्या प्रस्तावात जे मला जमलं नाही ते तिनं पोहे निवायच्या आत सांगितलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (थोडं मिरचीचंही असेल.)

"मंग हा पोरगा कावून आनला?" चंद्रभानजींनी विचारलं. नमुना म्हणून, असं मी सांगितलं. नमुना तोवर दुसरी प्लेट खात होता.

शेवटी चंद्रभानजी बसले. पोरीला शिकवायला शिकवणार कोण, असं विचारून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी आचलकडे पाहिलं. "सर लय चांगले हायेत," ती म्हणाली, "पन त्याइचं त्याइलेच समजते." मग चंद्रभानजींनी एक अट घातली. अट किरकोळ आहे. बाकी सर्व कुशल. मामींना नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक,
ललित

ता. क. : अट अशी. बोलता बोलता मी तुमचा भाचा हे निघालं, आणि चंद्रभानजी लहानपणी अकोल्याला तुमच्याच शाळेत होते. तुम्ही म्हणे वर्गात लाकडी फळी आणली, एका टोकाला वर्गातला सगळ्यात जाड मुलगा बसवला आणि दुसऱ्या टोकाला, लांब सरकवून, सगळ्यात बारीक. बारक्यानं जाड्याला अलगद उचललं. जाड टोकाला हेच होते. "विज्ञानात दोनदा आपटलो," ते म्हणाले, "पन तरफ विसरलो नाही. नत्थुजी गुरुजी शिकवनार असतीन तं बाळापूरवाल्याइले नाही म्हनतो." मी जागच्या जागी सांगून टाकलं की योजनेचे गुरू तेच आहेत.

ता. क. २ : शाळेचं नाव काढलं की तुम्ही उठून जाता हे मला माहीत आहे. शेवटची वर्षं मुलं क्लासला आणि तुम्ही रिकाम्या बाकांपुढे, हेही मी विसरलेलो नाही. म्हणून सांगतो, यावेळी बाकांवर पाच मुली असतील, आणि फळीसाठी चंद्रभानजी पुन्हा बसायला तयार आहेत. आता तर त्यांचं वजनही वाढलं आहे.

ता. क. ३ : बाळापूरचे पाहुणे उद्या सकाळी येतात आणि चंद्रभानजींना त्याआधी तुम्ही स्वतः ओसरीवर हवे आहात, म्हणून हे पत्र पोस्टानं पाठवलेलं नाही. ते घेऊन आलेला नितेश दारात उभा असेल. त्याच्या हातातली पिशवी तुमचीच आहे. मामींनी ती कालच भरून ठेवली होती.