बाराचा आकडा

दि. १९, गुरुवार

चि. खुंटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, त्याची आधी माफी मागतो. तुझं पत्र येऊन महिना होत आला. मी लिहायला बसत नव्हतो असं नाही. खालच्या शिंपीणबाई परवा म्हणाल्या, "आजोबा, रोज कागद घेता आणि रोज त्याचा बोळा करता. शाळेत असता तर छड्या खाल्ल्या असत्या." शाळेत मी फार दिवस नव्हतोच, त्यामुळे छड्याही कमीच खाल्ल्या. अक्षर लागलं नाही तर मावशीकडून वाचून घे. नको, मावशीकडून नको. तूच वाच, सावकाश वाच.

माझी तब्येत ठीक आहे. गुडघा जिना चढताना बोलतो, उतरताना ओरडतो. मोतीबिंदू काढल्यापासून लांबचं स्वच्छ दिसतं, जवळचं मात्र धूसर. मोरीचा नळ गळतोय. प्लंबर दोनदा येऊन गेला आणि दोन्ही वेळा म्हणाला की नळ चांगला आहे. मग गळतंय ते काय माझं डोकं? असो. तुझी खोकल्याची तक्रार होती ती गेली का? एवढ्या उंचीवर गार हवा लागत असेल. मफलर वापरत जा.

तू दाराला लावून गेलेली संत्री मिळाली. गोड होती.

मैदानावर माझ्या जागी आता नवा माणूस आला आहे. तो चुन्याची फक्की मारत नाही, गाडीने पांढरा रंग फवारतो. रेष सरळ येते, पण कडा पसरते. मी त्याला काही बोलत नाही. एकदाच बोललो. त्याच्याकडे ना दोरी ना खुंटी. तू सहा वर्षांची असताना दोरीचं पलीकडचं टोक खुंटीला बांधून, ती दोन्ही हातांनी जमिनीत दाबून अशी उभी राहायचीस की खेळाडू म्हणायचे, "ही पोरगी आहे का खुंटी?" ऊन असो, वारा असो, मी "सोड" म्हणेपर्यंत तू हलली नाहीस कधी.

आता त्या रविवारचं लिहितो.

तू लिहिलं होतंस की एक तारखेला चार वाजता मैदानावर या. संघ ओळीने चौदा सामने हरला तरी जे लोक येत राहिले, त्यांच्या मानासाठी क्लबने आमच्या कंपनीला सांगितलं आहे आणि मी विमानाने आकाशात एक चित्र काढणार आहे. कसलं ते सांगत नाही. उतरल्यावर सातपर्यंत घरी येते, बरोबर जेवू. सहा वर्षांनी आलेल्या चार ओळी. मला त्या पाठ झाल्या आहेत.

मी तीन वाजताच जाऊन बसलो. मागच्या फाटकातून मला अजून सोडतात. आकाशात चित्र म्हणजे धूर, अशी माझी समजूत. मनात म्हटलं, वारा पश्चिमेचा आहे, पोरीचा धूर फाटणार. उगाच जीव खाली-वर. तुझं विमान आलं, ते मी आवाजावरूनच ओळखलं. पांढरं, लहान, शेतांचे नि जमिनींचे फोटो काढत फिरतं ते. सरळ गेलं, वळलं, परत आलं, पुन्हा गेलं. धूर काही निघेना. मला वाटलं यंत्र बिघडलं. तास झाला, मान आखडली, आणि तुझं काहीतरी फसलंय या काळजीने मला घाम फुटला. सबंध मैदान माना खाली घालून बसलं होतं आणि मी एकटा वर बघत होतो.

शेजारी शिट्टी बसला होता. तुला आठवत असेल, पूर्वी पंच होता तो. निवृत्त झाला तरी गळ्यातली शिट्टी काढत नाही. तो म्हणाला, "अरे मान मोडेल. खाली बघ."

"चित्र वर आहे ना?"

"चित्र फोनमध्ये आहे. विमान जिथून जाईल तिथून यात रेघ उमटते. सगळे तेच बघताहेत."

"मग आकाशात काय आहे?"

"आकाशात तुझी मुलगी आहे."

तेवढ्यात लोक ओरडत उठले. काहीजण तर रडत होते. चौदा वेळा हरताना न रडलेली माणसं. शिट्टीने फोन माझ्या डोळ्यांपासून हातभर लांब धरला, तेव्हा मला दिसलं. नकाशावर एवढाले दोन आकडे. एक आणि दोन. बारा.

खुंटी, खरं सांगतो, मी शिट्टीचा हात बाजूला सारला.

बसस्टँडवर मी काय बोललो होतो ते तू विसरली नसशील. तू विमान शिकायला निघालीस, आईला नुकतं औषध सुरू झालेलं, आणि मी चार माणसांच्या देखत म्हणालो, "जा, घराचे बारा वाजवून जा." आईने माझा दंड धरला. तू खिडकीशी बसलीस आणि समोर बघत राहिलीस. आईच्या शेवटच्या वेळीही आपण दोघं एका खोलीत होतो, पण बोललो ते दुसऱ्यांशी. लोक म्हणतात बापलेकीचा छत्तीसचा आकडा. मला वाटलं, आता तू त्यावर बाराचा आकडा काढून दाखवलास. एवढ्या मोठ्या आकाशात, हजारो माणसांसमोर, माझाच शब्द मला परत केलास. "बघा, वाजवले बारा. बघा किती छान वाजवले."

त्यात दोनच्या पायाशी रेष हुकलेली. मधेच एक बारीक फाटा बाजूला गेलेला आणि तिथूनच परत आलेला. मी मनात म्हटलं, टोमणा मारायचाच होता तर निदान रेष तरी नीट मारायचीस. चाळीस वर्षं रेषा मारल्या, हे डोळ्यांत खुपणारच.

सामना आपण हरलो. तो तर आता नियमच आहे.

त्या संध्याकाळी गर्दीमुळे मला मैदानावरून निघायला उशीर झाला आणि आपली भेट राहिली, ते मावशीने तुला कळवलंच असेल.

परवा मंगळवारी शिट्टी घरी आला. पंधरा दिवस मी मैदानाकडे फिरकलो नाही, म्हणून मेलो का जिवंत आहे ते बघायला आला, असं त्यानेच सांगितलं. चहा घेता घेता म्हणाला, "पोरीने नाव काढलं तुझं, आणि तू एरंडेल प्यायल्यासारखा का बसलायस?" मग मला राहवलं नाही. बसस्टँडपासून सगळं सांगितलं. तो एवढा हसला की चहा सांडला.

"मठ्ठा," तो म्हणाला, "बारा म्हणजे लोक! अकरा मैदानात खेळतात आणि बारावा गडी म्हणजे हे बाकावर बसून ओरडणारे. पूर्वेच्या भिंतीवर माणसाच्या उंचीचा बारा रंगवलाय तीन वर्षं झाली. तुला दिसला नाही?"

"मला वाटलं तो स्टँडचा नंबर आहे."

"मग तेरा कुठे आहे?"

आमच्या वेळी बारावा म्हणजे बाजूच्या बाकावरचा राखीव, ज्याला पाणी नेऊन द्यायला पाठवतात तो. आणि लोकांकडे माझी सदा पाठच. मी गवत बघत आलो, लोक कधी बघितले नाहीत.

शिट्टीने खिशातून वर्तमानपत्राचं कात्रण काढलं आणि वाचून दाखवलं. आकडा क्लबने ठरवला होता. कागदावर काढून तुमच्या कंपनीला दिला होता. तू तो फक्त उडवलास. म्हणजे तो तुझा शब्द नव्हताच, माझ्यासाठी तर मुळीच नव्हता. शिट्टी म्हणाला, "चोराच्या मनात चांदणं. सबंध गावाला मान दिसला आणि तुला एकट्याला टोमणा." खरंच आहे.

मग तो म्हणाला, "पण मला एक कळलं नाही. एवढं सुबक काढलंन, मग इथे हात का हलला तिचा?" त्याने दोनचा पाय बोटांनी मोठा करत नेला. नकाशावर पाण्याची टाकी आली. मग दवाखान्याचा चौक. मग आपली गल्ली. तो फाटा शिंपीणबाईंच्या दुकानावर, म्हणजे आपल्या छपरावर येऊन वळला होता. शिट्टीने कात्रण घडी करून माझ्याकडे ठेवलं आणि गेला.

त्यानंतर हे पत्र फाडायचं धाडस होईना.

आता जे लिहितो ते वर लिहिलेल्याच्या उलट आहे. वरचं मी खोडत नाही, खोडलं तर तुला वाटेल की आणखी काही लपवलं. मला उशीर झाला नव्हता. मावशीला मी खोटं सांगितलं आणि तिने ते खरं म्हणून तुला सांगितलं, तिची काही चूक नाही. सामना संपायच्या आधीच मी घरी आलो होतो. कडी लावून खुर्चीवर बसलो होतो, दिवा न लावता.

सात वाजायला दहा कमी असताना तू जिना चढलीस. तुझी पावलं मला कळतात, दुसऱ्या पायरीवर थांबून बूट आपटायची सवय अजून आहे. तीनदा दार वाजवलंस. "बाबा," म्हणालीस. मग थोड्या वेळाने, "बाबा, मी आहे." मग वरच्या पायरीवर बसलीस. किती वेळ, ते मला माहीत आहे, कारण मी घड्याळ बघत होतो. पस्तीस मिनिटं. मध्ये एकदा तू नाक शिंकरलंस. आपल्या दोघांत लाकडाची एक फळी होती आणि मला फक्त हात वर करायचा होता. केला नाही. रागाने नाही, राग तर तू "मी आहे" म्हणालीस तेव्हाच गेला. मग लाज वाटली. आता उघडलं तर एवढा वेळ का नाही उघडलं, हे काय सांगू? जितका वेळ जाई तितकं उघडणं अवघड होई.

संत्र्यांचंही खरं नाही. पिशवी मी दोन दिवस बाहेरच कडीला राहू दिली, म्हणजे आजोबा घरी नव्हते असं शिंपीणबाईंनाही वाटावं. घरातून बाहेर पडताना पिशवीकडे बघत नव्हतो. शेवटी त्यांनीच आत आणून ठेवली. तोवर दोन नासली होती. बाकीची खाल्ली. ती गोड होती, तेवढं खरं.

तू आपल्या छपरावरून गेलीस तेव्हा घरात कोणी नव्हतं, मी तिकडे मैदानावर मान वर करून बसलो होतो. आणि दारात आलीस तेव्हा घरात होतो. असा हा तुझा बाप.

बसस्टँडवरचं बोलणं चुकीचं होतं. घराचे बारा तू वाजवले नाहीस. आईचा आजार तुझ्या जाण्याने वाढला नाही, डॉक्टरांनी मला तेव्हाच सांगितलं होतं. ते मी तुला कधी सांगितलं नाही. दोष द्यायला कोणीतरी हवं होतं आणि तू लांब होतीस, सोयीची होतीस. आईने मात्र एकदाही तुला दोष दिला नाही. उलट विमान गेलं की ती मला म्हणायची, "बघा, तुमची गेली." मी वर बघायचो नाही.

मावशी म्हणते, तीस तारखेला तुझी बदली समुद्रापलीकडे होते आहे आणि तीन वर्षं येणं होणार नाही. जाऊ नको असं मी म्हणणार नाही. ते एकदा म्हणून झालंय. पण त्याआधी तू पुन्हा ये. नाही आलीस तर मी येतो. बसने पाच तास लागतात, गुडघ्याचं मी बघून घेईन. तुमच्या कंपनीच्या फाटकाबाहेर उभा राहीन, तू दोन मिनिटं बाहेर आलीस तरी पुरे. आणि नाहीच आलीस तरी मी पस्तीस मिनिटं उभा राहीन. तेवढं माझ्याकडे निघतं.

फोनवर मला बोलता येत नाही. गेल्या आठवड्यात दोनदा तू "हॅलो" म्हणालीस आणि पलीकडून कोणी बोललं नाही, तो मीच, शिंपीणबाईंच्या फोनवरून. घाबरली असलीस तर माफ कर.

हे पत्र उद्या सकाळी नऊच्या आत पेटीत टाकतो, म्हणजे सोमवारी तुला मिळेल. तू बुधवारपर्यंत लिहिलंस तर शनिवारी माझ्याकडे पोचतं. पोस्टमन साडेअकराला येतो, मी खालीच उभा असतो. मोठं लिहू नको, वेळ नसेल. "या" किंवा "येते", एवढंच लिही. "नको" लिहायचं असेल तर तेही लिही, मी वाचेन. पण नुसतं गप्प राहू नको. गप्प राहणं काय असतं ते मला त्या फळीमागे कळलं.

लवकर कळव. पत्र पोचलं, एवढं तरी कळव.

तुझी वाट बघणारा,
बाबा