अदावतीचा मान

सोलापूर, ११ ऑगस्ट १९७४

चांगुणाअक्कास धाकट्या धर्मपालचा सप्रेम जयभीम.

आम्ही मजेत आहोत, माझा खोकला थांबला. तुझी शेळी व्याली का?

आमच्या शाळेचे चेअरमन म्हणजे आपल्याच गावचे रावसाहेब. त्यांच्या वाढदिवसाला प्रत्येक मास्तराने टॉवेल पांघरवून सत्कार करायचा, अशी रीत आहे. "साहेबांच्या खांद्यावर एवढे टॉवेल चढले, की आता आंघोळ तेवढी राहिली," असं मी भित्तिपत्रकात लिहिलं. लगेच नोटीस आली: मनात अदावत धरलीत, लेखी माफीनामा द्या, नाहीतर नोकरी सोडा.

उर्दूच्या काझी सरांना 'अदावत' या शब्दाचं मूळ विचारलं. "अरबी है सर. अदू माने दुश्मन, उससे अदावत."

अक्का, ज्यांच्या दारावरून आपले बाबा चपला हातात घेऊन जायचे, ते आज मला दुश्मन म्हणतात! दुश्मन बरोबरीचा लागतो. एवढा मान त्यांनी आपल्या घराला कधी दिला होता? तो माफी मागून परत करू?

हेडमास्तर म्हणाले, "दोन ओळी लिहून टाका की." मी दोनच लिहिल्या: अदावत कबूल. माफी नाही.

बहुतेक या महिन्यात आम्ही सगळेच गावी येऊ. कुणी विचारलं तर सुट्टीवर आला म्हणू नकोस. काढून टाकला म्हण, आणि का ते मोठ्यानं सांग.

तुझा हट्टी भाऊ,
धर्मपाल