मिर्तोला द्यायचे उत्तर

मी, इस्मेनिआस, पोलेमोनचा मुलगा, अंथेदोन गावचा पाणबुड्या, वय अडुसष्ट, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे लिहून ठेवतो. देवांच्या कृपेने या दुखण्यातून उठलो तर उत्तमच. नाही उठलो तर माझ्यामागे असे व्हावे.

एक. धक्क्यावरचे घर बहीण निको हिला. तिच्या नवऱ्याला, द्रोमोनला, त्यात राहता येईल, विकता येणार नाही. साक्षीला बसलेला द्रोमोन म्हणतो, "अहो मेहुणे, मी काय चोर आहे?" चोर नाही, पण हात सैल आहे.

दोन. बुडी मारायचा दगड, दोर आणि स्पंज कापायचा विळा द्रोमोनला. एकदा हाच दोर वेळेवर न ओढून त्याने मला जवळजवळ बुडवले होते. माफ केले आहे, विसरलो नाही.

तीन. ग्लाउकोसाविषयी. तो इथलाच कोळी, कसलेसे गवत खाऊन समुद्राचा देव झाला. गावातले प्रत्येक घराणे स्वतःला त्याच्या वंशातले म्हणवते. द्रोमोनला तर त्याच्या बायका तोंडपाठ आहेत: सिमेला त्याने पळवले, चेटकीण किर्के त्याच्यावर भाळली. पण जिच्यावर त्याचा जीव जडला त्या स्किल्लेने त्याला जवळही येऊ दिले नाही, आणि किर्केने मत्सरापोटी तिची राक्षसीण केली. बिचाऱ्याला मरणही नाही. वर्षातून एकदा तो आमच्या किनाऱ्याशी येऊन रडतो, हाका मारतो. त्या दिवशी आम्ही उपाशीपोटी, धूप लावून, होडीत पालथे पडून राहतो. हाकेला ओ दिली की माणूस गेलाच.

चार. माझ्या चोविसाव्या वर्षी, त्याच दिवशी, मिर्तो धक्क्यावर आली. तिचे वडील परगावचे, आमचा नेमधर्म मानत नसत. ते बिऱ्हाड घेऊन सिसिलीतल्या झांक्लेला निघाले होते. "इस्मेनिआस, ऊठ ना रे! चल माझ्याबरोबर!" तिने तीनदा हाक मारली. मी दुपारी डोके वर काढले तेव्हा गलबत दिसेनासे झाले होते. गाव म्हणाले, "अरे, तुला देवच वाटला, तुझा काय दोष?" मीही तेच म्हणत राहिलो. लग्न केले नाही. तिच्या आठवणीवाचून एक दिवस गेला नाही.

आता ती नातवंडांची आजी आहे. तरी दर वर्षी झांक्लेचा कोणी ना कोणी नावाडी तिचा निरोप आणतो: "मिर्तो विचारते, त्या दिवशी माझा आवाज ओळखला होतास का?" मी दर वर्षी कळवतो, नाही, देव वाटला.

पाच. मी गेल्यावर पहिल्या गलबताने द्रोमोनने स्वतः झांक्लेला जावे. "एवढ्या लांब? आणि तिला सांगू काय?" द्रोमोन विचारतो. हे सांग बाबा: पहिल्याच हाकेला ओळखला. देवाला नव्हतो घाबरलो. तिच्याबरोबर जायला घाबरलो.

अंथेदोन, ओनासिमोस नगरप्रमुख असताना, द्राक्षतोडणीच्या महिन्याची सातवी.

सही: इस्मेनिआस
साक्षीदार: अरिस्तोन, होड्या बांधणारा
साक्षीदार: द्रोमोन. जाईन.