आप्पांच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं

पिंपरी पेंढार

प्रिय समाधान,

माफी मागायला लिहीत नाहीये, आधीच सांगते. माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र बहिरूकाकांबरोबर पुण्याला धाडतेय. "त्यानं वाचल्याबिगर मी उठत न्हाई," असं ते आत्ताच मला म्हणालेत. तेव्हा त्यांना चहा पाज आणि शेवटपर्यंत वाच.

आप्पांच्या जलदानविधीच्या दिवशी भरल्या मांडवात तू म्हणालास, ताईनं गोळ्या वेळेवर दिल्या असत्या तर आप्पा गेले नसते. दोन वर्षं झाली, भावकी अजून त्याच नजरेनं बघते. आणि मी काय केलं, तर मान खाली घातली. आता नाही घालणार!

आप्पा गोळ्यांची रिकामी पाकिटं सुतळीनं टोमॅटोच्या तारेला बांधायचे, चमकली की पाखरं येत नाहीत म्हणून. आठवतंय ना? ते गेल्यावर मी ती एकेक सोडवून डब्यात ठेवली. स्टेंट बसवल्या दिवसापासूनची सगळी आहेत. एक गोळी चुकलेली नाही रे. मी रोज सकाळी हातावर ठेवायची, ते माझ्यासमोर गिळायचे. तरी चार महिन्यांत स्टेंटमध्ये गुठळी झाली.

गेल्या महिन्यात मी तो डबा आणि आप्पांची फाइल घेऊन नारायणगावच्या डॉक्टरांपुढे बसले. ते म्हणाले, गुठळी होऊ न देणारी ती गोळी नुसती गिळून भागत नाही. यकृतातलं एक एन्झाइम तिला कामाला लावतं, आणि काहींचं ते जन्मतःच मंद असतं. अशा माणसानं कितीही नेमानं घेतली तरी ती पुरेशी लागू पडत नाही. आप्पांचं तसंच असणार, पण आता तपासता येत नाही. म्हणून माझं तपासलं. परवा रिपोर्ट आला, मंद निघालं. हे आईबापाकडून येतं.

तुझ्या छातीत स्टेंट बसला, हे मला तुझ्याऐवजी तुझ्या बायकोकडून, स्नेहाकडून कळावं, त्याचा राग नंतर काढीन. तिला फोनवर गोळीचं नाव वाचायला लावलं. समाधान, तीच गोळी आहे! स्नेहा तुला हे सगळं सांगायला लागली, तर माझं नाव निघताच तू उठून गेलास म्हणे. आता ऐक. मनानं गोळी बंद करू नकोस. सोबतचा माझा रिपोर्ट घेऊन आजच्या आज तुझ्या डॉक्टरांकडे जा, तुझंही तपासायला सांग. दुसऱ्या गोळ्या असतात. मला दोष द्यायचाय ना? खुशाल दे, म्हातारा होईस्तोवर दे. पण त्यासाठी तुला जगावं लागेल.

मान वर केलेली, तरी तुझीच,
स्वप्नाताई