दुर्बिणीनंतरचे दिवस

आई, तुझे डोळे पिवळे झाले तेव्हा आपल्या कळंब गावातल्या सगळ्यांनी कावीळ म्हणून झाडपाला सुचवला होता. मी तेव्हा मुंबईत शाळेत शिकवत होते. तुला जवळजवळ ओढतच मोठ्या हॉस्पिटलात नेलं. पित्ताच्या नळीत खडा अडकला होता. पोट न कापता, तोंडातून दुर्बीण घालून तो काढायचा, हे त्या काळात अगदी नवं होतं. "शेजारच्या स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, कधी जिवावरही बेततं," डॉक्टरांनी आधीच सांगितलं. तू विचारलंस, "आन् खडा तसाच ऱ्हायला तर?" ते म्हणाले, "तेही जिवावरच आहे." "मंग काढा की."

खडा निघाला. पण संध्याकाळी तुझ्या पोटात अशी कळ उठली की ती पाठीपर्यंत गेली. तीच ती सूज. आता तोंडाने पाण्याचा थेंबही द्यायचा नाही, नुसतं सलाईन. तू कॉटचा गज धरून पडली आहेस, मी ओल्या कापसाने तुझे ओठ पुसते आहे, आणि मामा दारातूनच म्हणतो आहे, "हिला घरी नेऊ. आपल्या दारात तरी जाईल." तू डोळेही उघडत नाहीस. "मी चालत आले रं. चालतच जानार." मामाला ते पटलं नाही. गावी परतून त्याने सगळ्या नातेवाइकांना 'आता ही वाचत नाही, या' असे निरोप धाडले.

इकडे कळ हळूहळू विरत गेली. डॉक्टरांनी पहिलं चमचाभर पाणी दिलं, ते तू लगेच गिळलं नाहीस. तोंडात घोळवत राहिलीस, आणि हसलीस.

नेरळहून एसटीने आपण गावात उतरलो, तर घरासमोर माणसंच माणसं. खालापूरच्या आत्याने तर रडायला सुरुवातही केली होती. तू पदर खोचून अंगणात उभी राहिलीस.

"कोन मेलंय रं हितं?"

मग मामाच पहिला हसला, डोळे पुसत, आणि अख्खं अंगण हसत सुटलं. तू एकालाही उपाशी जाऊ दिलं नाहीस. स्वतः वाटीभर पेज प्यायलीस, पण पंगतीतून राणीसारखी फिरलीस. पुढे कितीतरी वर्षं भातलावणीत तुझा हात कुणी धरू शकलं नाही.

तुला लिहिलेला हा कागद घरातच राहील. एवढंच सांगायचं होतं, सगळे हसत होते तेव्हा मी गोठ्यामागे जाऊन पोटभर रडले. तू परत येशील असं मलाही वाटलं नव्हतं गं.